बायकांचे मृत्युपत्र

स्मरणिकेसाठी लेख द्या, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले तेव्हा मी म्हटले, "माझे शिक्षण सातवीपर्यंत, मी आपली एखादी पाककृती देते." त्या म्हणाल्या, "पाककृती चार आल्या आहेत. तुम्ही ते मृत्युपत्राचे लिहा." संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी या विषयावर जरा जास्तच बोलले होते, त्याची ही शिक्षा.

बोलण्याचे कारण माझी मावशी. ती ऐन तारुण्यात विधवा झाली, मूलबाळ नाही. तीस वर्षे लोकांची पोलकी शिवून तिने एक खोली घेतली. "हे सगळे माझ्या बहिणीचे," असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. पण लिहून काही ठेवले नाही. २०११ साली ती गेली आणि खोली तिच्या दिरांच्या मुलांकडे गेली. शेवटचे आठ महिने तिचे सारे आईने केले होते. आईच्या वाट्याला आले शिवणाचे मशीन, तेही कोणाला नको होते म्हणून. त्या मुलांनी लबाडी केली असे मात्र मी म्हणणार नाही. कायदाच तसा आहे, हे मला मागाहून कळले. मग मी वाचनालयातून पुस्तके आणून वाचू लागले.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रात मृत्युपत्र हा प्रकारच नव्हता. दान होते, वाटणी होती, दत्तक होता. आपल्यामागे अमुक अमक्याला द्या असे लिहून ठेवण्याची रीत इंग्रजी अमदानीत रुजली. १८७० साली हिंदूंच्या मृत्युपत्रांचा पहिला कायदा झाला, पण तो बंगालकडचा प्रांत आणि मद्रास व मुंबई ही शहरे एवढ्यापुरताच. १ जानेवारी १९२७ पासून लिहिलेल्या सगळ्याच हिंदू मृत्युपत्रांना एक नियम लागू झाला.

पण लिहिणार कोण? ज्याचे असेल तो! बाईचे म्हणून होते ते स्त्रीधन. लग्नात अग्नीसमोर मिळालेले, सासरी निघताना मिळालेले, आईबापांनी वा भावाने मायेने दिलेले. नवऱ्यामागे घर किंवा जमीन आली तर ती तहहयात खायची, तिच्यावर राहायचे. फार निकड असल्याशिवाय विकायची नाही, आणि मृत्युपत्राने तर कोणाला द्यायचीच नाही. तिच्यामागे ती परत नवऱ्याच्या वारसांकडे. म्हणजे मालकीण नव्हे, राखणदार. १९३७ साली मुंबईचे डॉ. गो. वि. देशमुख यांच्या खटपटीने विधवेला मुलाइतका हिस्सा देणारा कायदा झाला. ती मोठीच गोष्ट होती, पण तो हिस्साही तहहयातीपुरताच.

डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिलात हे बदलायचे ठरवले होते. बिल रखडले, आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले त्याचे ते एक कारण होते. अखेर १७ जून १९५६ पासून हिंदू वारसा कायदा आला. त्यातील चौदाव्या कलमाने बाईच्या ताब्यातली मिळकत पूर्णपणे तिची झाली. तेव्हापासून ती विकू शकते, देऊ शकते, मृत्युपत्राने कोणालाही ठेवू शकते. माझ्या आजीला हे कोणी सांगितले नव्हते. मावशीलाही नाही.

आता खोच पाहा. त्याच कायद्याचे पंधरावे कलम सांगते की, बाईने मृत्युपत्र केले नसेल तर तिचे धन आधी मुलांना व नवऱ्याला. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांना. आणि त्यांच्यानंतर तिच्या आईबापांना. माहेरच्या आईबापांकडून वारसाने आलेले तेवढे, मूलबाळ नसेल तर माहेरी परत जाते. स्वतः कमावलेले मात्र सासरी!

सर्वोच्च न्यायालयापुढे २००९ साली असाच एक खटला आला. ती बाई १९५५ साली लग्न झाल्यावर तीन महिन्यांतच विधवा झाली, सासरच्यांनी बाहेर काढले. माहेरी राहून शिकली, नोकरी केली, बँकेत पैसे साठवले. १९९६ साली गेली, मृत्युपत्र नाही. तिची आई हयात होती. तरी पैसे मिळाले नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. भावनेने निकाल देता येत नाही, कायद्याप्रमाणेच द्यावा लागतो, असा न्यायालयाचा अभिप्राय पडला. मी तो मजकूर दोनदा वाचला आणि त्या दिवशी आमटी करपली.

लिहायला काही फार लागत नाही. साधा कागद चालतो, स्टँप नको. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. दोन साक्षीदारांनी आपली सही किंवा अंगठा पाहायचा आणि आपल्यासमोर त्यांनीही सही करायची. पुढे मन बदलले तर नवे लिहावे. शेवटचे असेल ते खरे.

आमचे हे हसले. म्हणाले, "तुझ्याकडे आहे काय वाटायला?" मी यादी केली. दोन पाटल्या, एक मोहनमाळ, भिशीतून केलेली अंगठी, पोस्टातले थोडे पैसे, आईकडून आलेला तांब्याचा बंब. दीड पान झाले. मग तेही गप्प झाले आणि त्यांनी स्वतःचा कागद मागितला. साक्षीला मंडळाच्या खजिनदारबाई आणि शेजारच्या काकू आल्या. काकू चष्मा विसरल्या म्हणून तासभर थांबलो.

मावशीचे मशीन धाकटीच्या नावे लिहिले आहे. तिला शिवण येत नाही. विकले तरी चालेल, असेही त्यातच लिहून ठेवले आहे.