कोंडवाड्याच्या वहीत ससा नाही

सन १८७१ च्या ज्या कायद्यान्वये आपल्याकडील कोंडवाडे चालत आले, त्यात ‘गुरे’ या शब्दाची व्याप्ती सांगताना कायदेकारांनी हत्तीपासून प्रारंभ केला आणि उंट, म्हैस, घोडा, शिंगरू, खेचर, गाढव, डुक्कर, मेंढी, कोकरू असे उतरत उतरत शेळीच्या करडापर्यंत मजल मारली. आणि कोरेगावसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे हत्तीने कोणाची ज्वारी तुडवल्याची फिर्याद झाली असेल असे वाटत नाही, तेथेही ती यादी शब्दशः प्रमाण ठरली. ससा मात्र त्या यादीत नाही. ही उणीव माझ्या ध्यानात येण्यास निमित्त झाले ते शेजारच्या घरी साताऱ्याहून आलेल्या सशांच्या एका जोडीचे, आणि त्या जोडीचे वर्णन कसे करावे यावरून आजोबा व नातू यांच्यात जुंपलेल्या वादाचे.

कोरेगाव म्हणजे येथे तिळगंगेच्या काठचे, जरंडेश्वराच्या पूर्वेस वसलेले, सातारा जिल्ह्यातील कोरेगाव. हा खुलासा आवश्यक आहे, कारण या नावाची गावे महाराष्ट्रात इतकी आहेत की पत्त्यावर तालुका-जिल्हा घातल्याखेरीज टपाल भलत्याच गावी जावयाचे. नाव पुरत नाही तेथे खूण सांगावी लागते, हे गावांना लागू तसेच जनावरांनाही.

नातवाने पिंजऱ्याकडे बोट दाखवून सांगितले, एक पांढरा आणि एक ग्रे. आजोबांच्या कपाळास आठी पडली. “आरं, ग्रे म्हंजे काय? राखी म्हण, करडा म्हण, न्हायतर सब्जा म्हण. उद्या हरवला तर काय सांगशील लोकास्नी, ग्रे हरवला म्हणून?” नातू म्हणाला, “आबा, ससा हाय त्यो. त्याला कोण विचारतंय?”

आबांचा हेका वरकरणी विनोदी वाटला तरी त्यामागे पाचसातशे वर्षांची कचेरी उभी होती. जनावराचा रंग नेमका सांगण्याची कला वाढली ती दफ्तराच्या आश्रयाने. अल्लाउद्दीन खिलजीने घोड्यास डाग देण्याची व हुलिया लिहून ठेवण्याची पद्धत घातली, आणि पुढे अकबराने तीच अधिक काटेकोरपणे अमलात आणली. कारण एकच घोडा दोन जागी हजिरीस उभा करून दोघांचा तनखा उचलणे, किंवा सरकारी पैशाने पोसलेला उमदा घोडा परस्पर विकून त्याच्या दाव्यास एखादे मरतुकडे तट्टू बांधणे, या विद्येत सर्व काळचे स्वार सारखेच पारंगत असत. तेव्हा कारकुनाच्या हाती लेखणी आणि जिभेवर रंगांची नावे असणे भाग होते. अबलख, कुमाईत, समंद, मुश्की, सब्जा हे शब्द आपल्या भाषेत अरबी-फारसी मुलखांतून घोड्यांच्या पाठीवर बसूनच आले. त्याही आधी, बाराव्या शतकात, हेमचंद्राने आपल्या कोशात पांढऱ्या घोड्यास ‘कोकाह’, तांबड्यास ‘क्रियाह’ आणि अंगाने कपिल परंतु आयाळ व पुच्छ फिकट अशा घोड्यास ‘वोल्लाह’ ही नावे नोंदवली आहेत. संस्कृताचा पोशाख चढवलेली ती परकी नावे आहेत, हे कानालाही कळते. आणि तिसऱ्या नावात अंगाचा एक रंग व केसांचा दुसरा रंग एका शब्दात बांधण्याची जी सूक्ष्मता आहे, ती कवीपेक्षा घोड्याच्या सौदागराला अधिक उपयोगाची होती. पुच्छ, छाती, चारही खूर, आयाळ व मुख ही आठ स्थाने शुभ्र असलेल्या घोड्यास ‘अष्टमंगल’ म्हणत. हा शब्द पुढे सशाच्याच कामी येणार आहे, म्हणून येथे मुद्दाम टिपून ठेवतो.

या तालुक्यातील किन्हई हे पंतप्रतिनिधींचे मूळ गाव; परशुराम त्रिंबक तेथलेच. अशा मुलखात बारगीर आणि शिलेदार यांतला भेद कोणास समजावून सांगावा लागत नसे. सरकारच्या घोड्यावर बसे तो बारगीर, घरचा घोडा घेऊन येई तो शिलेदार. सभासदाच्या बखरीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद अशी योजना सांगितली आहे. पाणी देणारा आणि नाल ठोकणारा हे हवालदाराच्या हिशेबातच धरलेले असावेत, ही गोष्ट मला त्या सैन्याच्या सर्व विजयांइतकीच महत्त्वाची वाटते. पावसाळ्यात छावणीस आलेल्या घोड्यांसाठी दाणा, वैरण, औषध व निवारा यांची तजवीज अगोदरच करण्याचा दंडकही त्याच बखरीत आहे. राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणच्या बाजूस पडलेल्या लष्कराला शिवछत्रपतींचे जे प्रसिद्ध पत्र गेले, त्यात वैरण आताच मन मानेल तशी उधळली तर पावसाळ्यात काही उरणार नाही, असा इशारा आहे. आणि रात्री जळता ठेवलेला दिवा, त्याची वात पळवणारा उंदीर आणि त्यातून पेटणारी गवताची गंज इथवर तपशील आहे. जनावराच्या निगेविषयी मराठीत याहून व्यवहारी लेखन मी वाचलेले नाही.

इंग्रजी अमलात पागा गेल्या, शिलेदारांच्या घरी बैल उरले, आणि रंगांचा कोश हजिरीच्या फर्दावरून कोंडवाड्याच्या वहीत उतरला. कायद्याने वहीची कलमे ठरवून दिली होती: जनावरांची संख्या व वर्णन, आणल्याचा दिवस व वेळ, पकडणाराचे नाव, आणि ठाऊक असल्यास मालकाचे नाव. सात दिवसांत धनी फिरकला नाही तर पोलिसांकडे कळवायचे. मग त्या वर्णनाची नोटीस लागायची, गावात व जवळच्या बाजारात दवंडी पिटायची, आणखी सात दिवस वाट पाहायची, नंतर लिलाव. दवंडीवाल्याने नुसते ‘एक बैल’ म्हणून पुकारले तर दहा धनी धावून यावयाचे. ‘तांबडा बांडा, डावे शिंग मोडलेला, कपाळी चांद’ म्हटले तर एकच येईल, आणि तोही दंडाच्या भीतीने जरा सावकाश.

बैलांचा विषय निघाल्यावर माणदेशास वगळता येत नाही. आटपाडी, म्हसवड हा खिलाराचा मुलूख. त्यातले आटपाडी औंध संस्थानात मोडे. आणि कोरेगावकरांना खरेदीसाठी सर्वांत सोयीची ती शेजारच्या खटाव तालुक्यातील पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा. ‘काजळी’ आणि ‘कोसा’ हे खिलाराच्या रंगाचे दोन शब्द कानी पडताच जनावर पाहण्यापूर्वीच गिऱ्हाइकाच्या मनातला आकडा हलतो. आदत, दुसा, चौसा, जुळलेला असे वय दातांवरून ठरते, भोवरे आणि खोडी तपासल्या जातात, आणि भाव टॉवेलाखाली बोटांनी होतो. परंतु जाणता माणूस वासराचा रंग पाहून शब्द देत नाही, कारण खिलाराचे वासरू जन्मते ते डोक्यावर गंजासारखी तांबूस छटा घेऊन, आणि दोनेक महिन्यांत ती छटा नाहीशी होते.

सशाला असा कोश मिळाला नाही, याचे कारण आमच्या माळावरचा ससा कोणाच्याच मालकीचा नव्हता. त्याची गाठ पडे ती वाघुरीशी, म्हणजे जाळ्याशी. आणि जाळ्यात सापडलेल्या प्राण्याचे वर्णन कोणी लिहून ठेवत नाही. हा दख्खनचा ससा अंगाने माळाच्याच रंगाचा, मानेमागे काळा डाग असलेला. त्याची पिल्ले उघड्यावर, अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्मतात. पिंजऱ्यातला ससा मूळचा युरोपातला आणि जातीने वेगळा. तो बिळात राहणारा, त्याची पिल्ले उघडी-नागडी व मिटल्या डोळ्यांची, सुमारे दहा दिवसांनी जग पाहणारी. मराठीने दोघांना एकच नाव दिले, हा भाषेचा आळस आहे असे मी म्हणेन. या आळसाची किंमत माळावर सापडलेले पिल्लू ‘पाळायला’ म्हणून घरी आणणारी मुले आणि त्याहून अधिक ते पिल्लू चुकवीत आले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये रानसशाला पकडणे व घरी ठेवणे गुन्हा आहे.

पाळीव सशाचे रंग युरोपात घडले. डार्विनने १८६८ च्या आपल्या ग्रंथात एक अख्खे प्रकरण सशांना दिले. १९१३ साली फ्रान्समध्ये चिंचिला नावाच्या राखी सशाचे प्रदर्शन झाले. त्याच रंगाची, पुढे रशियात वाढवलेली मोठी जात राजस्थानातील अविकानगरच्या मेंढी व लोकर संशोधन संस्थेत आली. आबांना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांनी राखी सशाच्या पाठीवर हळूच फुंकर घातली. केस फाकून जे वर्तुळ उमटले त्यात मुळाशी पाटीचा निळसर काळा, त्यावर मोतिया पट्टा आणि टोकास काळे अशी वलये स्पष्ट दिसली. युरोपातले जाणकार हीच फुंकर घालून पारख करतात, हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मग सब्जाच की त्यो.” रानसशाच्या केसालाही अशीच वलये असतात, फक्त मोतिया पट्ट्याच्या जागी तांबूस पट्टा असतो. दुसरा ससा नखशिखान्त पांढरा, लाल डोळ्यांचा. त्या डोळ्यांत रंगद्रव्यच नसते, दिसते ती रक्ताची लाली. आबांनी त्याचे नाव ‘ढवळ्या’ ठेवून प्रश्न निकालात काढला.

यांखेरीज हिमालयन म्हणून एक जात आहे; तिचे अंग पांढरे, आणि नाक, कान, पाय व शेपूट काळी. अष्टमंगल घोडा उलटा करून ठेवावा तसे हे प्राणी! त्यांच्या केसांतला काळा रंग थंडीतच तयार होतो, म्हणून शरीराची जी टोके गार राहतात तेवढीच काळी होतात; पाठीवरचे केस काढून तेथे बर्फ बांधला तर नवे केस काळे येतात, हा प्रयोग प्रसिद्ध आहे. पिल्लू मात्र पांढरेच जन्मते. तेव्हा खिलाराच्या वासराविषयीचा पुसेगावचा शहाणपणा येथेही चालतो.

निगेच्या बाबतीत मात्र आबांचा कोश अर्धाच उपयोगी पडला. नवा बैल घरी आला की त्याच्या पायांवर पाणी घालतात, कुंकू लावतात, भाकरतुकडा ओवाळून टाकतात, आणि पहिले काही दिवस त्याला इतर गुरांपासून दूर बांधून, आधीच्या धन्याकडे जी वैरण होती तीच देत सावकाश आपल्या वैरणीवर आणतात. आबांनी सशांनाही हाच नियम लावला, आणि तो बरोबर होता: विकणाऱ्याकडे जे खाणे होते ते निदान आठवडाभर चालू ठेवावे, जागा शांत असावी, पोरांनी पहिले दोन-तीन दिवस हात लावू नये. परंतु ओवाळलेली भाकरी त्यांनी पिंजऱ्यात टाकली, आणि शेंगदाण्याच्या पेंडीचा तुकडाही. तेथे मला आडवे जावे लागले. सशाचे पोट गवतावर चालते. त्याचे दात जन्मभर वाढतात व चावूनच झिजतात. पीठ आणि पेंड त्या पोटात कुजते. तो रात्री आपल्याच मऊ लेंड्या पुन्हा खातो, ही घाण नसून त्याचे रवंथ आहे, असे सांगितल्यावर आबांना एकदम पटले. कान धरून उचलण्याची मात्र त्यांना जुनी सवय, बहुधा वाघुरीच्या काळातली. छातीखाली एक हात आणि पुठ्ठ्याखाली दुसरा हात द्यावा, अन्यथा प्राणी लाथ झाडतो आणि त्याचाच कणा मोडतो. चैत्र-वैशाखातले कोरेगावचे ऊन हा त्याचा सर्वांत मोठा वैरी, कारण त्याला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो कानांवाटे टाकतो. पिंजरा पत्र्याखालून काढून चिंचेच्या सावलीत आणला, भोवती ओले पोते लावले.

तिसऱ्या आठवड्यात दार नीट न लागल्याने राखी ससा निसटला. नातू रडत बसला, आबा काठी घेऊन आळीत निघाले, आणि प्रत्येक दारी उभे राहून एकाच स्वरात सांगत गेले: “अंगानं सब्जा, पोट पांढरं, उजव्या कानाला खाच, वय पाच म्हैनं.” चौथ्या घरच्या बाईने कडब्याच्या गंजीकडे बोट केले. “कान बघितला न्हाई आबा, पण सब्जा हाय तिथं येक.”