सूक्ष्मदर्शकाचा प्रश्न

परीक्षेंत नापास होतां होतां वांचलेल्या विद्यार्थ्यांच्या गोष्टी आपल्याकडे घरोघरीं सांगितल्या जातात. बहुधा त्या मुलांस धीर देण्यापुरत्याच असतात, आणि त्यांतील खरेंखोटें पाहण्याच्या भरीस कोणी पडत नाहीं. म्यूनिक विद्यापीठांत २३ जुलै १९२३ रोजीं झालेल्या एका तोंडी परीक्षेची हकीकत मात्र खरी आहे; आणि तींत अडलेला प्रश्न चार वर्षांनीं त्याच विद्यार्थ्याच्या वाटेंत अशा ठिकाणीं पुन्हां उभा राहिला कीं, ती वाचकांस सांगावीशी आम्हांस वाटते.

परीक्षार्थी होता वेर्नर हायझेनबर्ग. वय २१ वर्षें. त्याचे गुरु आर्नोल्ड झोमरफेल्ड हे सैद्धान्तिक पदार्थविज्ञानाचे नांवाजलेले अध्यापक. वाहत्या द्रवांत खळबळ कां उत्पन्न होते या बिकट विषयावर शिष्यानें प्रबंध लिहिला होता. पण पदवीसाठीं प्रायोगिक पदार्थविज्ञानाचीहि परीक्षा द्यावी लागे, आणि ती घेणारे विल्हेल्म वीन हे प्रयोगशाळेकडे पाठ फिरविणाऱ्या मुलांची गय करणारे नव्हते. त्यांनीं सूक्ष्मदर्शक यंत्राची पृथक्करणशक्ति विचारली. म्हणजे परस्परांच्या किती जवळ असलेले दोन बिंदु त्या यंत्रांतून निरनिराळे दिसूं शकतात, आणि ती मर्यादा कशानें ठरते. उत्तर आलें नाहीं. दुर्बिणीविषयीं विचारलें, तेंहि नाहीं. विजेचा साठा करणारी बॅटरी कशी चालते, तेंहि नाहीं. वीन यांच्या मतें मुलगा नापास. झोमरफेल्ड यांच्या मतें असा शिष्य विरळा. शेवटीं दोघांच्या मतांची सरासरी निघून उत्तीर्णांच्या सर्वांत खालच्या श्रेणींत पदवी पदरीं पडली. हायझेनबर्ग त्याच रात्रीच्या गाडीनें गॉटिंगेनला गेला, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं माक्स बोर्न यांच्यापुढें उभा राहून, ठरलेली साहाय्यकाची जागा आपणांस अजून मिळेल काय, असें त्यानें विचारलें. बोर्न यांनीं प्रश्न कोणते होते तें ऐकून घेतलें आणि जागा कायम ठेवली.

या प्रश्नाचें महत्त्व कळण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' १६८७ सालीं निघाला, तेव्हांपासून गतिशास्त्राची सारी मदार दोन गोष्टींच्या ज्ञानावर राहिली: पदार्थ या क्षणीं कोठें आहे, आणि त्याचा संवेग, म्हणजे वस्तुमान व वेग यांचा गुणाकार, किती व कोणत्या दिशेस आहे. हीं दोन कळलीं आणि त्यावर लागू असलेली प्रेरणा कळली, कीं पुढचा-मागचा सगळा प्रवास गणितानें काढतां येतो. युरेनसची चाल चुकते हें पाहून लव्हेरिए यांनीं एका न पाहिलेल्या ग्रहाचें स्थान कागदावर काढलें, आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्रीं बर्लिनच्या वेधशाळेंत गाले यांस त्या जागेपासून एका अंशाच्या आंत नेपच्यून सांपडला. त्याच्याहि आधीं, १८१४ मध्यें, लाप्लास यांनीं लिहून ठेवलें होतें कीं, विश्वांतील सर्व प्रेरणा व सर्व कणांची स्थिति एका क्षणीं जाणणारी बुद्धि असेल, तर तिला भूत व भविष्य दोन्ही सारखींच डोळ्यांपुढें दिसतील. मनुष्याची बुद्धि तेथवर पोंचत नाहीं ही उणीव मनुष्याची, निसर्गाची नव्हे.

अणूच्या पोटांत शिरल्यावर ही समजूत निभेना. प्लांक यांनीं १९०० सालीं ऊर्जेचे पुंज मानले, बोर यांनीं १९१३ त इलेक्ट्रॉनांस ठराविक कक्षा नेमून दिल्या. पण त्या कक्षा कोणी पाहिल्या नव्हत्या. जून १९२५ मध्यें परागांच्या विकारानें बेजार झालेला हायझेनबर्ग हेल्गोलांड बेटावर जाऊन राहिला. तेथें त्यानें कक्षांची कल्पनाच टाकून दिली, व केवळ मोजतां येणाऱ्या राशींचें गणित मांडलें. बोर्न व योर्डान यांनीं त्या गणितांतील मर्म उघड केलें: स्थानास संवेगानें गुणिलें काय आणि संवेगास स्थानानें गुणिलें काय, उत्तर एक येत नाहीं. तीन पंचे पंधरा आणि पांच त्रिक पंधरा असें घोकलेल्या माणसास हें पचणें कठीण. आम्हांसहि तें पहिल्यानें पचलें नाहीं.

या न जुळणाऱ्या गुणाकाराचा दृश्य अर्थ काय? फेब्रुवारी १९२७ मध्यें बोर नॉर्वेंत बर्फावरील सहलीस गेले असतां कोपेनहेगनमध्यें मागें राहिलेल्या हायझेनबर्गनें उत्तर शोधलें, आणि त्यासाठीं मनानेंच एक यंत्र उभें केलें. तें यंत्र सूक्ष्मदर्शकच होतें! इलेक्ट्रॉनची जागा नेमकी कळावयाची तर त्यावर टाकावयाच्या प्रकाशाची तरंगलांबी फार आंखूड पाहिजे. म्हणजे गॅमा किरण हवेत. पण तरंगलांबी जितकी आंखूड तितका प्रकाशकणाचा धक्का जबर. जागा पक्की करूं जावें तों संवेग निसटतो, संवेग धरावा तों जागा पुसट होते. दोहोंच्या अनिश्चिततेचा गुणाकार एका मर्यादेखालीं आणतां येत नाहीं, आणि ती मर्यादा प्लांकच्या स्थिरांकानें ठरते. हा स्थिरांक इतका लहान कीं, एक ग्रॅमची गोटी मिलीमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत नेमकी ठेवली, तर तिच्या वेगांत उरणाऱ्या किमान अनिश्चिततेमुळें शंभर कोटी वर्षांतहि मिलीमीटरच्या लाखाव्या भागाइतका फरक पडणार नाहीं. अणूएवढ्या जागेंत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनच्या वेगांत तीच अनिश्चितता सेकंदास सुमारें ५८० किलोमीटर भरते. म्हणून नेपच्यून सांपडतो आणि इलेक्ट्रॉनची कक्षा सांपडत नाहीं. वर्तमान पूर्ण कळला तर भविष्य कळेल, या विधानांतील निष्कर्ष नव्हे, तर गृहीत गोष्टच चुकीची आहे, असें हायझेनबर्गनें निबंधांत बजावलें.

निबंध मार्चमध्यें नियतकालिकाकडे गेला. बोर परतले, आणि त्यांनीं नेमकी चूक दाखविली. नुसता धक्का बसतो एवढ्यानें कांहीं सिद्ध होत नाहीं. धक्का किती बसला तें हिशेबानें काढून वजा करतां आलें असतें. तें करतां येत नाहीं याचें कारण भिंगाच्या तोंडांत आहे. तोंड रुंद असल्यामुळें प्रकाशकण नेमक्या कोणत्या दिशेनें आंत शिरला तें कळत नाहीं, म्हणून इलेक्ट्रॉनला मिळालेला संवेगहि कळत नाहीं. तोंड अरुंद करावें तर दिशा कळेल. पण पृथक्करणशक्ति घटेल व जागा पुसट होईल. म्हणजे वीन यांनीं मागितलेलेंच उत्तर येथें हवें होतें, आणि तें अजून आलेलें नव्हतें! वाद कित्येक दिवस चालला. एकदां त्यांत आपणांस रडूं कोसळलें, असें हायझेनबर्गनें स्वतःच पुढें सांगितलें आहे. निबंध त्यानें मागें घेतला नाहीं. पण छापण्यापूर्वीं एक पुरवणी जोडून चूक कबूल केली व बोर यांचे आभार मानले. त्या निबंधांतील सूत्राइतकीच ही पुरवणी आम्हांस मोलाची वाटते.

या सिद्धान्ताच्या आधारें जगांत कांहींच निश्चित नाहीं असें बोलण्याची टूम निघाली, ती आम्हांस पटत नाहीं. अनिश्चिततेची किमान मर्यादा किती, हें येथें आंकड्यानें सांगितलें आहे. शिवाय धक्क्याची उपमा अर्धीच खरी. त्याच १९२७ सालीं केनार्ड यांनीं दिलेली सिद्धता मोजणाऱ्याच्या धक्क्यावर मुळींच अवलंबून नाहीं. ती अनिश्चितता कणाच्या स्थितींतच आहे. मोजणीची चूक आणि मोजणीमुळें होणारी ढवळाढवळ यांचा संबंध हा प्रश्न निराळा. त्याचें सूत्र ओझावा या जपानी पंडितांनीं २००३ मध्यें नव्यानें मांडलें, आणि २०१२ मध्यें व्हिएन्ना येथील न्यूट्रॉनांवरील प्रयोगांत तें पडताळून पाहण्यांत आलें.

हायझेनबर्गनें १९२९ मध्यें शिकागो येथें दिलेलीं व्याख्यानें १९३० त पुस्तकरूपानें निघालीं. त्यांत सूक्ष्मदर्शकाचें विवेचन आहे, आणि भिंगाच्या तोंडाचा कोन या वेळीं हिशेबांत नीट धरलेला आहे. वीन मात्र ऑगस्ट १९२८ मध्येंच वारले होते.