‘पाणकळा’ आणि १९३९ चा कुलाबा

मराठी कादंबरीचा नायक बहुधा शहरी, सुशिक्षित आणि उच्चवर्णीय असे, त्या काळात र. वा. दिघे (१८९६–१९८०) यांनी ‘पाणकळा’ लिहिली. साल १९३९. शिक्षणाने वकील असलेले दिघे पुढे खालापूर तालुक्यात, खोपोलीजवळच्या विहारी गावी स्थायिक झाले. शेजारी कर्जतचे डोंगर, ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या, पायथ्याशी भातखाचरे.

याच कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी गावी, १९३३ पासून कुळांनी खोतांची जमीन कसणे थांबवले होते. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालचा तो संप मिटला १९३९ मध्येच. चरीची कुळे प्रामुख्याने आगरी. कोकणात अन्यत्र कुणबी, महार. खोतांत उच्चवर्णीयांचे प्राबल्य. खंडाचा प्रश्न म्हणूनच जातीचाही होता. डॉ. आंबेडकरांनी हे नेमके ओळखले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मोर्चाने विधिमंडळावर गेले. विधेयक मात्र संमत झाले नाही.

दिघ्यांनी शेतकऱ्याला नायकपद दिले, ही लहान गोष्ट नव्हे. तरी त्यांचा ओढा अद्भुतरम्यतेकडे. कसणाऱ्याची जात कोणती आणि जमीन कोणाच्या नावावर, हा चरीचा रोकडा प्रश्न त्या साहसकथेत मागे राहतो.

त्यांची ‘पड रे पाण्या’ १९५८ ची. पुढच्याच वर्षी अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ आली. तिचा नायक मांग होता, आणि ती अर्पण केली होती आंबेडकरांच्या लेखणीला.