कऱ्हेकाठचे पहिले कारागीर

वडगाव निंबाळकरच्या परिसरात डोळ्यांत भरतो तो कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊस. परंतु याच बारामती तालुक्यातील मानवी श्रमाचा इतिहास कालव्याहूनच नव्हे, नांगराहूनही पुष्कळ जुना आहे.

मोरगावजवळ कऱ्हेच्या काठी अश्मयुगीन माणसाच्या हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत. तेथेच सुमात्रातील तोबा ज्वालामुखीची राखही मिळाली. ती कोणत्या उद्रेकाची, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. कोणी तिचे वय ७५ हजार वर्षे मानतात, तर कोणी सुमारे ८ लाख.

युरोपातील आदिमानवाला चकमकीचा दगड मुबलक होता. आपल्याकडील कारागिराने काळा बेसाल्ट पत्करला. दगडाच्याच हातोड्याने कडेवर नेमका घाव घालायचा, छिलका उडवायचा, गोटा उलटून पुन्हा घाव घालायचा. घाव चुकला की दगड वाया! हत्यार हाती येण्यापूर्वी ते मनात आकारलेले असावे लागे.

पुढे कऱ्हा आणि नीरा यांच्या संगमावरील सोनगाव येथे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांनी वस्ती केली. तिचे उत्खनन १९६५ च्या सुमारास झाले. त्या युगात तांबे दुर्मीळ होते. म्हणून नित्याच्या कामाला बेसाल्टच्या पोकळ्यांत मिळणाऱ्या कॅल्सेडनीची पाती वापरीत. दगडाला आधी नागमोडी कणा पाडीत. त्या कण्याच्या रेषेत पहिले पाते सुटले की पुढची पाती सरळ निघत. ती लाकडी वा हाडाच्या मुठीत बसवली की विळा तयार होई.

आम्हां ख्रिस्ती वाचकांना दगडाची सुरी परकी नाही. यहोशवाने सुंतेसाठी गारेच्या सुऱ्या करविल्याचे आपण जुन्या करारात वाचतो. तरीही लाखो वर्षांचा आकडा ऐकून घरातील मुले विचारतात, "मग आदामाचे काय?" या प्रश्नाला भिण्याचे कारण नाही. येशूसंघीय धर्मगुरू तेयार द शार्दां १९३५ साली नर्मदेच्या खोऱ्यात अशाच अवशेषांचा शोध घेत होते. मानवी देहाच्या उगमाचा अभ्यास विद्वानांनी करावा, आत्मा मात्र थेट परमेश्वर निर्माण करतो, अशी भूमिका पोप बारावे पायस यांनी १९५० साली मांडली.

तेव्हा मुलांना गप्प बसवू नये, नदीकाठी न्यावे. धार काढलेला दगड दिसलाच, तर तो उचलू नये. जागीच ठेवून जाणकारांना कळवावे. दगड घरी आला की त्याचा थर हरवतो, आणि थर हरवला की साक्षीदार मुका होतो. ज्या हातांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत, त्यांच्या श्रमाचा एवढा मान आपण राखलाच पाहिजे.