पावणेतीन तासांचा हिशेब

12 जून 1979 च्या सकाळी ब्रायन ॲलन हा कॅलिफोर्नियाचा सायकलपटू इंग्लंडमधल्या फोकस्टनजवळून पेडल मारत उडाला आणि इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सच्या काप ग्री-ने इथे उतरला. आंतरराष्ट्रीय वैमानिकी महासंघाच्या विक्रमनोंदीत अंतर आहे 35.82 किलोमीटर, वेळ 2 तास 49 मिनिटे. भागाकार केला तर वेग ताशी पावणेतेरा किलोमीटरही भरत नाही.

आता दुसरा पुरावा. विमानात पिण्याचे पाणी होते दोन तासांपुरते. हेच अंतर दोन तासांत कापायचे तर ताशी 18 किलोमीटर वेग हवा, आणि ‘गॉसमर अल्बट्रॉस’ या त्याच्या विमानाचा शांत हवेतला वेगही साधारण तेवढाच. म्हणजे ताशी पाच किलोमीटर गेले कुठे? नोंदीतले अंतर सरळ रेषेतले, प्रत्यक्ष वाट थोडी वाकडी असणार. पण एवढी तफावत त्याने भरून निघत नाही. ती समोरच्या वाऱ्याने खाल्ली. झाडाची पाने जेमतेम हलवणारा वारा या विमानाची पावाहून अधिक गती गिळत होता.

ॲलनने त्याच वर्षी नोव्हेंबरच्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये लिहिलेला लेख इथे हाताशी धरावा लागतो. भाग घेणाऱ्याचे कथन म्हणून ते जपूनच वाचायला हवे, पण आकड्यांशी ते जुळते. रेडिओ बिघडला, पाणी संपले, पायांत पेटके आले. एका क्षणी त्याने हार मानून खालच्या बोटीला दोरी अडकवण्याची खूण केली. दोरी लावता यावी म्हणून थोडा वर चढला, तर तिथली हवा कमी खळबळती निघाली! त्याने बोटीला दूर राहायला सांगितले आणि पेडल मारत राहिला. वर चढला तो माघार घेण्यासाठी. तिथेच पुढची वाट सापडली.

खुद्द विमान आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पंखांचा पसारा सुमारे 30 मीटर, रिकामे वजन जेमतेम 32 किलो. कार्बन तंतूंच्या नळ्या आणि वर पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा. सोबत वैमानिक म्हणजे त्याच्या जवळपास दुप्पट ओझे. विमानाचा रचनाकार पॉल मॅक्रेडी याने आदल्या विमानापासून, 1977 साली मानवी शक्तीवरच्या उड्डाणासाठीचे क्रेमर पारितोषिक जिंकणाऱ्या ‘कॉन्डर’पासून, एक पथ्य पाळले होते: मोडले तर लगेच दुरुस्त करता आले पाहिजे. देखणी, काटेकोर ब्रिटिश यंत्रे एकदा आपटली की महिनोन्‌महिने जमिनीवरच राहत. माझ्या मते मॅक्रेडीची खरी आघाडी इथेच होती, वायुगतिकीत त्याहून कमी.

खाडी ओलांडल्याबद्दल 1,00,000 पौंड मिळाले. पण व्यवहारात उपयोग काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि प्रवासापुरते त्याचे उत्तर सरळ आहे: काही नाही. वाऱ्याचा वरचा हिशेबच तो निकाल देतो. संथ वेगाच्या अतिहलक्या विमानांचे मोजमाप मात्र हाती आले. 1980 मध्ये नासाने ‘अल्बट्रॉस’च्या जुळ्या विमानावर चाचण्या घेतल्या. पुढच्याच वर्षी, 7 जुलै 1981 रोजी, मॅक्रेडीच्या ‘सोलर चॅलेंजर’ने तीच खाडी ओलांडली: पॅरिसजवळून निघून केंटमधल्या मॅन्स्टनपर्यंत, 5 तास 23 मिनिटांत, बॅटरीविना, निव्वळ सूर्यप्रकाशावर. त्यात पेडल नव्हते.