अस्थिमज्जारोपण
रक्ताच्या कर्करोगात दात्याची निरोगी अस्थिमज्जा शिरेवाटे देऊन नवी रक्तनिर्मिती सुरू करण्याची चिकित्सा. रोपणापूर्वी रोगट कोशिका (पेशी) व रुग्णाची प्रतिरक्षा नष्ट करण्यासाठी तीव्र औषधे आणि पुष्कळदा सर्वांगाला प्रारण देतात. बराचसा धोका या पूर्वतयारीतच असतो. अमेरिकेत ई. डॉनल टॉमस यांनी १९५७ मध्ये वृत्तांत दिलेल्या सहा रुग्णांपैकी एकही १०० दिवसांपलीकडे जगला नाही. त्यांच्याच गटाच्या १९७७ मधील अहवालात, सुमारे १,००० रॅड प्रारण एकाच वेळी दिलेल्या १०० अत्यवस्थ रुग्णांपैकी १३ जण रोगमुक्त होते. इतरांपैकी कित्येक मूळ रोग उलटून, तर कित्येक फुप्फुसशोथाने किंवा दात्याच्या कोशिकांनी त्वचा, यकृत व आतडी यांवर केलेल्या हल्ल्याने दगावले. भारतातील पहिले यशस्वी रोपण सुरेश अडवाणी यांनी मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात केले. रुग्ण लहान मुलगी होती व दाता तिचा भाऊ. प्रौढांत ही वाट अधिक बिकट, कारण वयाबरोबर उपर्युक्त हल्ल्याचा संभव वाढतो. प्रारणमात्रा विभागून दिल्याने फुप्फुसांची हानी घटली. वंध्यत्व मात्र सहसा टळत नाही. दात्याच्या कोशिकाच उरलेला कर्करोग मारतात, हे ध्यानी आल्यावर १९९० नंतर वयस्कांसाठी सौम्य पूर्वतयारी रूढ झाली. तीत रोग उलटण्याची भीती अधिक असते.