बाजारात आपण कुठं होतो?

राळेगावच्या बाजार समितीच्या यार्डात हंगामाच्या दिवसांत एकदा जाऊन उभे राहा. दिवाळी सरली की कापसाच्या गाड्यांची रांग लागते. पूर्वी बैलगाड्या असायच्या, आता ट्रॅक्टर नि पिकअप आलेत. गाडीवर मालक, खाली हमाल, पुढं व्यापारी. बोली होते, काटा होतो, पावती फाटते. ज्या बाईनं तो कापूस वेचला ती मात्र या गर्दीत दिसत नाही. त्या वेळी ती दुसऱ्या कुणाच्या वावरात पऱ्हाटीत वाकलेली असते.

मित्रांनो, बाजाराचा इतिहास लिहिणारे आजवर गाडीवर बसून लिहीत आले. आपण तो जरा खाली उतरून वाचू.

राळेगाव तालुक्यात एका गावाचं नावच वाढोणा बाजार. म्हणजे इकडं बाजार गावाच्या नावातच मुरलेला. विदर्भातल्या आठवडी बाजारांत आपला माणूस नुसता मीठ-मिरची घेणारा गिऱ्हाईक नव्हता. गावकीची कामं तर त्याच्या गळ्यात होतीच, पण तो सूत कातायचा, जाडंभरडं कापड विणायचा आणि विकायचाही. रसेल या इंग्रज अधिकाऱ्यानं 1916 साली मध्य प्रांतातल्या जातींवर जाडजूड ग्रंथ छापला, त्यातही महारांचा हा धंदा नोंदलेला आहे. माणूस अस्पृश्य, पण त्यानं विणलेलं कापड अंगाला चालायचं. धर्मशास्त्राची ही सोय मोठी गमतीची आहे.

मग हा विणकर बाजारातून उठला कसा? आपोआप नाही उठला. त्याला उठवला.

1853 साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. गिरणीवाल्यांची नजर इकडच्या काळ्या जमिनीवर गेली. सरकारनं खास कापूस कमिशनर नेमला, रिव्हेट-कार्नॅक त्याचं नाव. 1860 च्या दशकाच्या शेवटी या साहेबानं जे लिहून ठेवलं ते आपल्या प्रत्येक अभ्यासवर्गात सांगितलं पाहिजे. त्याच्या लिहिण्याचा मतलब असा: या भागात रेल्वेचा फाटा टाका, विलायती कापड आत येऊ द्या, ते देशी कापडापेक्षा स्वस्त पडेल. मग इथं सुतात जाणारा कापूस बाहेर पाठवायला मोकळा होईल, आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली माणसं शेतमजुरीला मोकळी होतील. नीट ध्यानात घ्या, विणकर बुडणं हे त्याच्या लेखी नुकसान नव्हतं, तो हिशेबातला नफा होता.

1870 साली खामगावला रेल्वेचा फाटा पोचला. 1 जानेवारी 1877 ला नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. ज्यांना जमलं ते मिलमध्ये गेले, उरलेले वावरात. कालपर्यंत कापड विकणारा आता स्वतःचा दिवस विकू लागला. ब्राह्मणी व्यवस्थेनं त्याला गावाबाहेर ठेवलंच होतं, साम्राज्याच्या व्यापारानं बाजाराबाहेरही काढलं.

कायदा आला तो यानंतर. 1886 मध्ये कारंज्याचा कापूस बाजार सरकारी नियमाखाली आला, देशातला पहिला म्हणतात. 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. बाजार चालवायला कमिटी आली. तिच्यात नगरपालिकेची माणसं आणि कापसाचे व्यापारी. पिकवणाऱ्या कुणब्यालाच तिथं जागा नव्हती, मग मजुराचं नाव कोण काढणार?

त्या काळी बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची रीत होती. दलालाची बोटं व्यापाऱ्याच्या बोटांत, आणि मालाचा धनी बाजूला टकमक बघत उभा. मग तोलाई, हमाली, दलाली, कडता आणि वर धर्मादाय. 1928 च्या शेती कमिशनच्या अहवालात या कपातींचा पाढा आहे. धर्मादाय म्हणजे देऊळ, गोशाळा, पांजरापोळ. आपल्यातल्या ज्या थोड्यांकडे वावर होतं, त्यांच्या कापसातूनही हा पैसा कापला जाई. आणि त्याच कापसाच्या मुलखात, अमरावतीत, 1927 साली अंबादेवीच्या देवळाचं दार उघडा म्हणून सत्याग्रहाची हाक द्यावी लागली. त्या वर्षी नोव्हेंबरात बाबासाहेब स्वतः अमरावतीच्या परिषदेला अध्यक्ष म्हणून आले.

हा झाला कागदावरचा बाजार. आमच्या आजीचा बाजार वेगळा होता. वेचणीची मजुरी कापसातच मिळायची, दिवसभराच्या ढिगातला एक वाटा. तो लुगड्याच्या ओच्यात बांधून ती थेट गावच्या दुकानात जाई. दुकानदार हातात घेत नसे, खाली टाकायला लावी. मग स्वतः तोलून त्याबदली मीठ, तेल, मिरची वरून सोडी. भाव काय म्हणून विचारलं तर आजी म्हणे, "भाव तं बाप्पा त्याच्या मनात राहे." या बाजाराला ना 1897 चा कायदा लागला ना पुढचा कोणता.

स्वातंत्र्यानंतर 1963 चा बाजार समिती कायदा झाला. 1969 मध्ये माथाडी कायदा आला, हमालाला निदान कागदावर नाव मिळालं. 1972 च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी आली. सरकार एकटंच घेणार आणि हमीभाव देणार. रांगा, ग्रेडरचे नखरे, चुकाऱ्याची वाट, हे हाल खरेच होते, ते नाकारायचं कारण नाही. 2002 च्या सुमारास खाजगी व्यापाऱ्याला दार पुन्हा सताड उघडलं. या सगळ्या काळात शेतकऱ्याच्या भावावर मोर्चे निघाले, रस्ते अडले. वेचणीचा दर किती असावा यावर किती रस्ते अडले?

आता समितीकडे बघा. संचालक मंडळावर निवडून जायच्या जागा 18. सेवा सोसायट्यांच्या वाट्याला 11, ग्रामपंचायतींच्या वाट्याला 4, व्यापारी-अडत्यांना 2, हमाल-मापाड्यांना 1. ग्रामपंचायतींच्या चारांतली एक अनुसूचित जाती आणि जमाती मिळून दोघांना. राळेगाव विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातीसाठी राखीव, कोलाम-गोंडांचा हा मुलूख, आणि बाजारात त्यांची नि आपली मिळून एक खुर्ची! सोसायटीचा सभासद व्हायला सातबारा लागतो. मधे 10 गुंठेवाल्या शेतकऱ्याला थेट मत द्यायची दुरुस्ती झाली, 2020 मध्ये तीही मागं घेतली. पण 10 गुंठे तरी आपल्यातल्या किती जणांकडे आहेत? दादासाहेब गायकवाडांनी 1964 साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, हजारोंनी तुरुंग भरले. तो लढा फक्त पोटापुरत्या तुकड्याचा होता असं आपण समजत आलो. तो बाजारातल्या जागेचाही होता.

या हंगामात कुणी राळेगावला जाणार असेल तर समितीच्या कचेरीत मतदार यादी मागा. आपल्या वस्त्यांतली नावं मोजा. मग वेचणीला जाणाऱ्या बायांची यादी करायला बसा, गाववार, वयासकट, मिळालेल्या दरासकट. ती कुठल्याच कचेरीत मिळायची नाही. म्हाताऱ्या बायांपासून सुरू करा, त्यांना वाट्याचा हिशेब अजून तोंडपाठ आहे.